एका आवाजाचे अकरा इच्छुक

बुधवार पेठेतले संतोष खळदकर आणि वाघोलीच्या आनंदीबाई मानकर यांची पहिली भेट झाली, तेव्हा आनंदीबाई तिथे हजर नव्हत्या. फक्त त्यांचा आवाज होता, आणि तो पुरेसा होता.

संतोषराव नगर रस्त्यावर गाडीत बसले होते. गाडी पाऊण तास एकाच खड्ड्यावर उभी होती आणि त्या खड्ड्याशी त्यांचा आता घरोबा झाला होता. तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला. आवाज कसला, तो येताच पुढचा डंपर आपण होऊन बाजूला सरकला. दुभाजकावर झोपलेली दोन कुत्री उठून सावधान बसली. वाहतुकीच्या हवालदाराने तोंडातली शिट्टी काढून, पुसून, खिशात ठेवली. शेजारच्या टेम्पोतल्या कोंबड्यांनी, जाणकार सांगतात, जागच्या जागी अंडी घातली. आणि संतोषरावांच्या डाव्या कानाला गेली सहा वर्षं बसलेला दडा फट्‌कन सुटला.

"वाघोलीचं एकमेव आशास्थान," आवाज म्हणाला, "आपले लाडके हिंमतराव."

संतोषरावांचं बुधवार पेठेत माईक, ॲम्प्लिफायर आणि भोंग्यांचं दुकान. तीस वर्षं रोज गिऱ्हाइकांचं 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' ऐकून मनुष्यजातीने मुकं राहायला हवं होतं, अशा मताला ते आले होते. पण हा आवाज वेगळा होता. त्यांनी काच खाली केली. भोंगा लावलेली एक रिक्षा गेली. दोन मिनिटांनी समोरून दुसरी रिक्षा आली आणि तोच आवाज म्हणाला, "वाघोलीचं एकमेव आशास्थान, आपले लाडके सर्जेराव." मग डाव्या गल्लीतून तिसरी आली. तिच्यातही तोच आवाज, तेच एकमेव आशास्थान, फक्त माणूस तिसरा. संतोषरावांनी गाडीतलं पाणी प्यायलं आणि उरलेलं डोक्यावर ओतलं.

ते वाघोलीला निघाले होते पक्षाचे निरीक्षक म्हणून. महापालिकेची निवडणूक इतकी वर्षं लांबली होती की ती जाहीर झाली तेव्हा एका प्रभागात एका पक्षाचे अकरा इच्छुक साठले होते. एरवी तिकीट शहर कार्यालयात ठरे. या खेपेला अकरांपैकी दहांना नाही म्हणायची कुणाचीच छाती होईना, म्हणून पक्षात लोकशाही आली. प्रभागातल्या सभासदांनीच मत टाकून उमेदवार ठरवायचा, असा ठराव झाला. आणि अकरा जणांनी त्याआधीच एकमेकांचं नाक कापू नये म्हणून संतोषरावांनी स्वतः चौदा कलमांची प्रतिज्ञा लिहिली. नववं कलम त्यांचं विशेष आवडतं होतं: कोणताही इच्छुक दुसऱ्या इच्छुकाची निंदा करणार नाही, करवणार नाही, करणाऱ्यास चहा पाजणार नाही. चहाचा मुद्दा शहर कार्यालयाने काढून टाकला. संतोषरावांना अजून त्याचं वाईट वाटे.

एका मंगल कार्यालयात अकराही जणांनी प्रतिज्ञेवर सह्या केल्या. प्रत्येकाने सही करण्यापूर्वी बाकीच्या दहांनी केली का, हे पाहून घेतलं. त्यामुळे पहिली सही व्हायला दीड तास लागला. संध्याकाळपर्यंत नववं कलम सात जणांनी मोडलं होतं.

पण मोडूनही काही उपयोग होत नव्हता, आणि याच गोष्टीने संतोषरावांचं कुतूहल चाळवलं. कुणीतरी टोपणनावाने निंदेची एक ध्वनिफीत फिरवली होती. ती ऐकून लोक म्हणाले, "ह्यात आनंदीबाई कुठंयत? मग खोटंच असणार." दुसऱ्याने कात्रजहून भारदस्त आवाजाचा एक पुरुष आणला, तर पोरं त्या रिक्षामागे नाचली. वाघोलीत जे आनंदीबाईंनी सांगितलं ते झालं, बाकी सगळी करमणूक, असा साधा हिशेब होता.

तेव्हा या बाईला गाठणं भाग होतं. संतोषरावांनी डोळ्यांपुढे सहा फूट उंचीची, हातात तलवार वगैरे असलेली एक मूर्ती आणली आणि पत्ता शोधत गेले. चाळीतल्या शेवटच्या खोलीचं दार उघडं होतं. आत पाटावर बसलेल्या जेमतेम पावणेपाच फुटांच्या बाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "डब्याचं सांगायचं आहे का भोंग्याचं?"

आनंदीबाई मूळच्या वाशीमकडच्या. बावीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर बांधकामाच्या कामाला इकडे आल्या, मग कॉलेजच्या मुलांचे डबे करू लागल्या. एकदा गावच्या जत्रेत माईकवाल्याचा घसा बसला आणि एक लहान मुलगी हरवली. कुणीतरी पुरणाच्या पातेल्यापाशी बसलेल्या आनंदीबाईंच्या हातात माईक दिला. त्यांनी एकदाच हाक मारली. हरवलेली मुलगी आली, शिवाय दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेलेले एक काकाही परत आले. पुढे ग्रामपंचायतीने त्यांना घरपट्टी, पोलिओचा डोस आणि पाण्याची वेळ पुकारायला लावलं. गाव महापालिकेत गेलं, ग्रामपंचायत संपली, पण चौकातल्या खांबावरचा भोंगा आणि आनंदीबाई तिथेच राहिल्या. आता त्या मुख्यतः टँकर पुकारत. आनंदीबाईंनी "साडेसात" म्हटलं की चाळींच्या सहा गल्ल्या सात पंचवीसला हंडे, पिंपं, बादल्या घेऊन रांगेत उभ्या. ज्या गल्लीची रांग नाही तिथे टँकरवाला थांबत नसे. वाघोलीत घड्याळं बंद पडली तरी चाले, आनंदीबाई बंद पडून चालत नव्हतं.

रेकॉर्डिंगची जागा म्हणजे लाकडी कपाट. आत चारी बाजूंनी गोधड्या लटकवलेल्या, मध्ये एक स्टूल, खिळ्याला टांगलेला माईक, हेडफोन, आणि फक्त याच कामासाठी ठेवलेला जुना फोन. तीस वर्षं आवाजाच्या धंद्यात असलेल्या संतोषरावांनी कपाटात डोकं घालून एक टाळी वाजवली आणि गहिवरले. इतकी कोरडी शांतता त्यांनी कुठल्याच महागड्या स्टुडिओत ऐकली नव्हती. मागे फक्त हिंगाचा थोडा वास येत होता, पण तो रेकॉर्ड होत नव्हता.

कामाची पद्धत ठरलेली. आनंदीबाईंचं शिक्षण चौथीपर्यंत, बारीक अक्षर दिसत नसे. म्हणून मजकूर ज्याचा त्यानेच आधी कपाटात बसून मोठ्याने वाचायचा. तो नमुना त्या फोनमध्ये घ्यायच्या, पोळ्या लाटता लाटता चार वेळा ऐकायच्या आणि मग स्वतः कपाटात जाऊन एका दमात म्हणायच्या. चूक झाली म्हणून पुन्हा म्हणावं लागलं, असं झालंच नव्हतं. घरात त्या "काहून जी" आणि "सांगून राहिली" असं वऱ्हाडी बोलत. कपाटाचं दार लागलं की आतून थेट आकाशवाणी सुरू होई.

संतोषरावांनी निरीक्षकाला शोभेल अशा थंडपणे विचारलं, "मावशी, अकरा जण एकमेव कसे असतील?"

"नसतीलच न."

"मग तुम्ही खोटं बोलता."

आनंदीबाईंनी पोळी तव्यावर टाकली. "संतोषभाऊ, कोणी कोणाची वाहवा केली तर कोणाला खरं वाटते का? लग्नातल्या आहेराच्या पाकिटावर सप्रेम लिहिते, तसं ते. ते कितीही म्हणा, कोणाचं नुकसान नाही. पण कोणी कोणाला नावं ठेवली की लोकायला पटकन खरं वाटते. म्हणून ते मी नाही म्हणत. उद्या मला टँकर सांगायचा असते."

संतोषराव चौदा कलमं लिहिताना तीन आठवडे खपले होते. या बाईने त्यातली तेरा एका पोळीच्या वेळात निकालात काढली. त्यांनी दोन डबे बांधून घेतले, एक जेवायला आणि एक मान झुकवायचं निमित्त म्हणून. त्या दिवसापासून ते रोज दुपारी तिथेच जेवू लागले. बुधवार पेठेत घरी त्यांनी सांगितलं की निरीक्षण फार बारकाईने चाललं आहे.

आनंदीबाईंच्या 'नाही म्हणत'ची प्रचीती त्यांना डोळ्यांदेखत आली. एका दुपारी हिंमतराव आले. हिंमतराव म्हणजे जुन्या वाघोलीचे जमीनदार, गळ्यात साखळी, बोटांत अंगठ्या, मनाने लोणी, पण निवडणूक लागली की लोण्याला उकळी. त्यांनी निरीक्षकांना बघून कागद खिशात घातला, संतोषराव ताक प्यायला म्हणून बाहेर ओट्यावर गेल्यावर पुन्हा काढला, आणि कपाटात जाऊन बसले. थोड्या वेळाने बाहेर आले ते घाम पुसत. आनंदीबाईंनी नमुना एकदा ऐकला आणि हात जोडले. हे जमणार नाही, म्हणाल्या, मंगळवारचा टँकर मीच पुकारते, तो कुठे जातो ते मला माहीत आहे. हिंमतराव रागावले नाहीत. "न्हाई तर न्हाई," म्हणाले, "मला पन आत बसून वाचताना कसंनुसंच व्हत हुतं." जाताना पावशेर लोणचं घेऊन गेले.

प्रतिज्ञा सह्यांनी टिकली नव्हती, ती त्या कपाटाने टिकवली होती. एकूण पाच जण असे निंदेचे कागद घेऊन आले आणि पाचही जण परत गेले. दोघांना नाही म्हणायची तर आनंदीबाईंवर वेळच आली नाही. अंधारात, गोधड्यांच्या मध्ये, आपलाच आवाज आपल्याच कानात ऐकताना त्यांना तिसऱ्या ओळीला खोकला लागला आणि ते बाहेर आले.

सभासदांच्या मतदानाला आठ दिवस उरले असताना आनंदीबाई भाचीच्या लग्नाला वाशीमला गेल्या. चौकातल्या भोंग्यासाठी दोन दिवसांचे टँकर आधीच पुकारून ठेवले आणि खोलीची किल्ली संतोषरावांकडे दिली. अकरा इच्छुकांच्या गावात किल्ली द्यावी असा तो एकच माणूस होता. संतोषरावांना इतका मोठा मान पक्षाने कधी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंमतरावांचा रिक्षावाला संपत आला. त्याच्या भोंग्यातलं कार्ड खराब झालं होतं, हिंमतरावांची जाहिरात नव्याने भरून हवी होती. साधी गोष्ट. आणि आवाजाच्या यंत्रांत तीस वर्षं घालवलेला माणूस समोर. संतोषरावांनी कपाटातला फोन घेतला. हिंमतरावांच्या नावावर दोन रेकॉर्डिंग होती, एक जुनं, एक नवं. बुधवार पेठेचा नियम असा की नवा माल नेहमी सुधारलेला असतो. त्यांनी नवं भरून दिलं. भरण्याआधी एकदा ऐकायचं, हे दुकानातल्या पोराला ते रोज दहा वेळा सांगत. पण हिंमतरावांची स्तुती ते दिवसाला सोळा वेळा ऐकत होते आणि सतरावी ऐकायची त्यांच्यात ताकद नव्हती.

संपतचा स्वतःचा स्वभाव असा की तो रिक्षा चालवताना कानात आपली वेगळी गाणी लावायचा. तो सहा गल्ल्या फिरला. सहा गल्ल्यांनी ऐकलं ते असं.

आधी आनंदीबाई म्हणाल्या, "हं, बोला जी." मग हिंमतराव खाकरले आणि म्हणाले, "बंधू-भगिनींनो, आपल्या गल्लीचा मंगळवारचा टँकर सर्जेरावांच्या बंगल्यावर वळवला जातो, ह्याची तुम्हाला कल्पना हाय का?" पुढे अशी चार वाक्यं. मग कागदाची फडफड, आणि हलक्या आवाजात, "बाई, हे जरा जास्ती व्हतंय का? असू द्या. इलेक्शन हाय."

सातव्या गल्लीच्या तोंडाशी सर्जेरावांच्या माणसांनी रिक्षा अडवली. सर्जेराव म्हणजे बांधकामवाले, अतिशय सभ्य, रागावले की जास्तच सभ्य होणारे. त्यांनी संतोषरावांना फोन करून एवढंच विचारलं, "निरीक्षकसाहेब, नववं कलम जरा वाचून दाखवता का आपण?"

खरं दुःख ते नव्हतं. हिंमतराव आणि सर्जेराव पिढ्यान्‌पिढ्या भांडत आणि पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या लग्नात पंगती वाढत आले होते. दुःख होतं त्या "हं, बोला जी" मध्ये. निम्म्या गल्ल्या म्हणाल्या, आनंदीबाई हिंमतरावांना मिळाल्या. उरलेल्या म्हणाल्या, बाई सामील आहेत म्हणजे टँकर खरंच वळतो. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने आनंदीबाई आल्या, सामान खाली ठेवलं, आणि काहीच माहीत नसल्यामुळे नेहमीप्रमाणे चौकात जाऊन पुकारलं: टँकर साडेसातला.

सात पंचवीसला रांगेत कुणी नव्हतं, बाईंच्या शब्दावर आता कुणाचा भरवसा उरला नव्हता. साडेसातला टँकर आला. एक म्हातारे गृहस्थ एक बादली घेऊन आले, तेही त्यांना कमी ऐकू येई म्हणून. टँकरवाल्याने पाच मिनिटं वाट पाहिली आणि पुढच्या वस्तीत निघून गेला. सहा गल्ल्या त्या दिवशी कोरड्या राहिल्या.

आनंदीबाई खांबाखाली माईक हातात धरून उभ्या होत्या. बावीस वर्षांत त्यांना असं उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. संतोषराव चौकात आले ते हे बघतच. आपल्या हातून काय गेलं, हे त्यांना तेव्हा कळलं. निवडणुका काय, पुन्हा येतात.

खोलीवर आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. किल्ली, फोन, नवं रेकॉर्डिंग, सतरावी वेळ. मग निरीक्षकाच्या सवयीने तोडगाही मांडला. आनंदीबाईंनी फक्त एक ओळ पुकारावी: तांत्रिक बिघाडामुळे चुकीचा मजकूर प्रसारित झाला, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

"कोणत्या यंत्रात झाला बिघाड?" आनंदीबाईंनी विचारलं.

"मावशी, म्हणायची पद्धत असते."

"फोन चांगला आहे. भोंगा चांगला आहे. कपाट चांगलं आहे." त्यांनी लाटणं हातात घेतलं. "मी आज खोटं सांगितलं तर उद्या टँकर कोणाच्या आवाजात सांगू?"

संतोषरावांनी खिशातलं पेन काढलं. पुण्याच्या मध्यवस्तीत जन्मलेल्या माणसाने वाद न घालता हार मानावी, अशी ही बहुधा पहिलीच वेळ असावी.

"लिहा खरं काय ते," आनंदीबाई म्हणाल्या. "अन् नमुना वाचा."

संतोषरावांनी लिहिलं. कपाटात गेले. दार लागलं. आत पूर्ण अंधार, कानात हेडफोन, आणि हेडफोनमध्ये एक पन्नाशीचा माणूस श्वास घेत होता. तो आपणच आहोत हे समजायला त्यांना एक क्षण लागला. त्यांनी वाचलं. तिसऱ्या ओळीला त्यांनाही खोकला आला. त्यांनी पाणी मागितलं नाही, पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"मी संतोष खळदकर, पक्षाचा निरीक्षक. आनंदीबाईंनी जे रेकॉर्डिंग करायला नकार दिला होता, ते मी न ऐकता रिक्षात भरलं. त्यातली टँकरची गोष्ट खरी नाही. आनंदीबाई तेव्हा गावात नव्हत्या. चूक माझी आहे. टँकर उद्या साडेसातला येईल, कृपया खाली या."

बाहेर आल्यावर त्यांनी फोन पुढे केला. आता तुम्ही म्हणा, म्हणाले. आनंदीबाईंनी पोळ्या लाटता लाटता नमुना चार वेळा ऐकला. मग फोन परत त्यांच्या हातात दिला.

"हाच लावा. तुमची चूक माझ्या आवाजात कोणाला पटणार नाही."

असा नमुना जाणूनबुजून थेट भोंग्यावर लावण्याचा प्रसंग यापूर्वी आला नव्हता. संतोषरावांचा आवाज काही दगड फोडणारा नव्हता. तो सहा गल्ल्यांत फिरला तेव्हा कुत्री झोपलेलीच राहिली. पण एक पुणेकर भर चौकात, भोंग्यावरून, पुन्हा पुन्हा "चूक माझी आहे" म्हणतो आहे, हे ऐकायला लोक गॅलऱ्यांत आले. म्हाताऱ्यांनी नातवंडांना उचलून घेतलं, पुन्हा असं कधी ऐकायला मिळेल म्हणून. संतोषरावांनी दरम्यान अकराव्या कलमानुसार स्वतःला कारणे दाखवा नोटीस दिली आणि पोच म्हणून स्वतःच सही केली.

संध्याकाळी हिंमतराव आले आणि न सांगता कपाटात जाऊन बसले. आपल्या आवाजात म्हणाले, "सर्जेरावांबद्दल बोललो ते बनवून बोललो." सर्जेराव आले. त्यांच्याकडे हिंमतरावांविरुद्धचा एक कागद खिशात तयार होता, हे त्यांनी माईकवर कबूल केलं आणि त्याचं लेखन फार चांगलं झालं होतं, असंही जाताजाता नमूद केलं. त्यांच्यामागे आणखी चौघं आली. तिघांनी नंतर येतो म्हटलं. एकाचा घसा बसला होता आणि एकाने वकिलाला विचारून सांगतो असं कळवलं, वकिलाचं उत्तर अजून आलेलं नाही. शेवटच्या चार दिवसांत वाघोलीत एकमेव आशास्थान हे शब्द कुणी ऐकले नाहीत. रिक्षांमधून सहा माणसं आपापल्या बेसूर, खाकरणाऱ्या आवाजांत आपापली चूक सांगत फिरली, आणि लोक म्हणू लागले की यंदा उमेदवार बरे दिसताहेत.

संतोषरावांनी चूक कबूल केली त्याच्या दुसऱ्या दिवशी सात पंधराला आनंदीबाई चौकात गेल्या. माईक तोंडाजवळ नेला आणि नेहमीच्या आवाजात एकदाच म्हणाल्या, टँकर साडेसातला. संतोषराव खांबापाशी उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं नाही, गल्ल्यांकडे पाहिलं. आधी एक हंडा आला. मग दोन पिंपं, मग एक बादली, मग हळूहळू सगळ्या सहा गल्ल्या. सात पंचवीसला रांग चौकापर्यंत आली होती. आनंदीबाईंनी माईक खांबाच्या खिळ्याला लावला, पदर खोचला आणि डब्यांना उशीर होईल म्हणून निघाल्या. रांगेतून जाताना बायकांनी वाट करून दिली. एकीने फक्त विचारलं, भाचीचं लग्न नीट झालं का. नीट झालं, म्हणाल्या.

ठरल्या दिवशी सभासदांनी मतदान केलं. वाद झाला नाही, आरोप झाला नाही, संतोषरावांना नोटीस द्यायला कुणी सापडलं नाही. पेटीला सील लागलं.

चौथ्या दिवशी जागावाटपात तो प्रभाग मित्रपक्षाला गेला. पेटी उघडलीच नाही.